टॅटू आहे, नोकरी हवी आहे: पहिल्यांदा अर्ज भरणाऱ्यांसाठी

गेली सहा-सात वर्षं माझ्या व्हॉट्सॲपवर हातांचे फोटो येतात. मनगटावर ‘आई’, दंडावर शिवाजी महाराज, मानेवर मोरपीस, अंगठ्याच्या बुडाशी इवलासा त्रिशूळ. खाली एकच प्रश्न: ‘ताई, चालेल का?’ मी पुण्यात अकरा वर्षं हॉटेलांच्या आणि ऑफिसांच्या एचआरमध्ये काम केलं. आता आमच्या तालुक्यात पोरापोरींना अर्ज भरण्यापासून जॉइनिंगपर्यंत मदत करते. फोटो आला की मी दोनच गोष्टी विचारते. हात उजवा की डावा? आणि अर्ज कुठे भरतोयस?

त्याआधी हे कुणी विचारलेलंच नसतं. टॅटूवाल्याचं काम सुईपुरतं. भरतीच्या अकॅडमीत मैदान मारून घेतात, उंची-छाती मोजतात, पण हात उताणा करून कुणी बघत नाही. मग मुलगा पाच किलोमीटर चोवीस मिनिटांच्या आत धावतो, लेखी निघते, आणि मेडिकलच्या टेबलापाशी तीन इंचांच्या चित्रापायी अख्खं वर्ष जातं. घरी जाऊन आईला काय सांगायचं या विचाराने तो मुलगा स्टँडवरच बसून राहतो. असा एकदा माझ्यासमोर बसला होता. तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगत आले आहे, आज लिहून ठेवते.

माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती फिरतं: नियम तोंडी ऐकायचा नाही, कागदावर बघायचा. ‘टॅटू असला की बाद’ असं सांगणारे टपरीवर शंभर भेटतात. कुठला टॅटू, कुठल्या हातावर, केवढा, कुठल्या नोकरीला, हे फक्त कागद सांगतो.

पायरी १: समोर मालक कोण आहे ते ओळखा

आपलं अंग आपलं, त्यावर काय गोंदवायचं हे आपण ठरवायचं, हे मला पूर्ण मान्य आहे. आपल्या न्यायालयांनीही या बाजूने बरंच म्हटलं आहे. तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने माणसाचं दिसणं आणि पेहराव हा अभिव्यक्तीचाच भाग मानला. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. पण भरतीच्या रांगेत या हक्काचं वजन समोर कोण आहे त्यावर बदलतं, आणि नव्या मुलांची गल्लत होते ती इथेच.

समोर सरकार असेल तर राज्यघटनेची कलमं १४ आणि १६ तुमच्या बाजूला आहेत. सरकारला मनमानी करता येत नाही, नियम सगळ्यांना सारखा लावावा लागतो. मात्र कलम १६ मध्ये ज्या कारणांवरून भेदभाव करायला मनाई आहे, ती म्हणजे धर्म, वंश, जात, लिंग, कुळ, जन्मस्थान आणि निवास. टॅटू त्या यादीत नाही.

समोर सैन्य किंवा सशस्त्र दल असेल तर कलम ३३ येतं. शिस्तीसाठी जवानांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार त्या कलमाने संसदेला दिला आहे. हवाई दलातल्या एका जवानाने धर्माचं कारण देऊन दाढी ठेवली, त्याला काढलं, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलाचा निर्णय कायम ठेवला. टॅटूच्या बाबतीतही ‘माझी श्रद्धा आहे’ एवढ्यावर दलाचा नियम वाकेल असं धरून चालू नका.

आणि समोर खासगी कंपनी असेल तर, स्पष्टच सांगते, टॅटू पाहून नोकरी नाकारू नका असं कंपनीला बजावणारा कायदा आपल्याकडे नाही. तिथे तुमची ताकद वेगळ्या जागी आहे, त्याकडे पुढे येते.

पायरी २: वर्दीची भरती असेल तर हात उताणा करा

आत्ता, वाचता वाचता करा. हात समोर धरा, तळवा आभाळाकडे. कोपराच्या खळगीपासून मनगटापर्यंत जो उजळ, मऊ भाग दिसतो, तो हाताचा आतला भाग. आता हात पालथा करा. मनगटाच्या पुढे, बोटांच्या आधी जी बाजू दिसते ती पंज्याची पाठ. सैन्याच्या भरतीत, म्हणजे अग्निवीरसकट, कायमस्वरूपी टॅटूला मान्य असलेल्या जागा या दोनच: कोपर ते मनगट आतली बाजू आणि पंज्याची पाठ. हवाई दल आणि नौदलाच्या जाहिरातींतही याच जागा सांगितलेल्या असतात. दंड, खांदा, मान, छाती, पाठ, पोटरी यांतलं काहीच चालत नाही.

आता केंद्रीय सशस्त्र दलं घ्या. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी, आसाम रायफल्स, म्हणजे आपली मुलं ज्याला नुसतं ‘एसएससी जीडी’ म्हणतात ती भरती. इथे हाताचा आतला भाग चालतो, पण फक्त डाव्या हाताचा. सॅल्यूट उजव्या हाताने करतात, म्हणून उजवा आतला भाग कोरा पाहिजे. पंज्याची पाठ इथेही मान्य आहे. शिवाय आकाराची अट आहे: टॅटू त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान हवा.

यातला घोळ लक्षात आला का? उजव्या हाताच्या आत, मनगटाच्या वर, सुबक अक्षरांत ‘आई’ लिहिलेलं आहे. हा मुलगा अग्निवीरला चालतो आणि एसएससी जीडीला अडकतो. टॅटू तोच, हात तोच, देशही तोच. आमच्याकडची निम्मी मुलं दोन्ही अर्ज भरतात. एका ठिकाणी मेडिकल निघालं म्हणून दुसरीकडे निर्धास्त राहतात.

आकार मोजायला मी मुलांना आलेख-कागद आणायला सांगते, शाळेत भूमितीला वापरतात तोच. कोपर ते मनगट लांबी घ्या, मधली रुंदी घ्या. समजा पंचवीस सेंटिमीटर आणि आठ. गुणाकार दोनशे, त्याचा चौथा हिस्सा पन्नास. टॅटूभोवती चौकट आखा. दहा बाय चार असेल तर चाळीस, म्हणजे बसला. दहा बाय पाच असेल तर तो काठावर आला, आणि काठावरचा मी गेलाच असं धरते. मेडिकलचे डॉक्टर आलेख-कागद घेऊन बसत नाहीत, नजरेने ठरवतात.

चित्र कशाचं आहे यालाही नियम आहे. केंद्रीय दलांत धार्मिक चिन्ह, देवाची आकृती किंवा नाव चालतं. देशवासीयांच्या धर्मभावनांचा मान राखायचा म्हणून तसं लिहूनच ठेवलं आहे. अश्लील, बाईची मानहानी करणारं किंवा वंशद्वेषी चित्र वर्दीत चालणार नाही. सगळ्यात जास्त मुलं फसतात ती दंडावरच्या महाराजांपाशी. ‘ताई, महाराजांचं चित्र आहे, त्याला कोण नाही म्हणेल?’ चित्राला कुणीच नाही म्हणत नाही. नकार मिळतो तो दंडाला.

अधिकारीपदाची भरती असेल, एनडीए किंवा सीडीएस, तर टॅटू स्वतःहून जाहीर करायचा असतो. जवळून आणि लांबून घेतलेले पोस्टकार्ड आकाराचे फोटो आणि टॅटूचा आकार-प्रकार लिहिलेलं स्वतःच्या हातचं प्रमाणपत्र मागितलं जातं. लपवू नका. मेडिकलला कपडे काढून तपासतात, तिथे काही लपत नाही. टॅटूपेक्षा खोटी माहिती जास्त महागात पडते.

एक महत्त्वाचं: हे नियम जाहिरातीतून येतात आणि जाहिरात दरवर्षी नवी निघते. वैद्यकीय अटींचं पान उघडा, ‘टॅटू’ शब्द शोधा, त्या पानाची प्रिंट काढा. राज्य पोलीस, वनरक्षक, तुरुंग शिपाई, होमगार्ड, प्रत्येकाची जाहिरात वेगळी वाचायची. मित्राच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका.

पायरी ३: गोंदण परंपरेचं असेल तर

टॅटू हा शब्द नवा, गोंदण नव्हे. माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर हिरवट पडलेलं गोंदण होतं. हातावरच्या तुळशीच्या पानावरून बोट फिरवत मी झोपायचे. सगळे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं ती म्हणायची. गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला माडिया बायकांच्या चेहऱ्यावर, मेळघाटात कोरकू बायकांच्या कपाळावर गोंदण दिसतं. त्यांच्या घरची मुलं आता भरतीला येतात.

त्यांच्यासाठी सैन्याच्या नियमात वेगळी तरतूद आहे. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराच्या अंगावर, चेहऱ्यावरसुद्धा, चालीरीतीप्रमाणे गोंदण असेल तर प्रत्येक प्रकरण पाहून मान्यता देता येते. मागतात तो कागद एवढाच: हे गोंदण आमच्या जमातीच्या परंपरेतलं आहे असं प्रमाणपत्र, त्यावर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जमातीच्या जबाबदार पदाधिकाऱ्याची सही. नमुना जाहिरातीच्या शेवटी जोडलेला असतो. तहसिलातून जातीचा दाखला काढता तेव्हाच याच्या मागे लागा, मेडिकलची तारीख आल्यावर प्रांतांची सही दोन दिवसांत मिळत नाही. आणि ही सवलत परंपरेच्या गोंदणाला आहे. जमातीच्या मुलाने मॉलमध्ये खांद्यावर विंचू काढून घेतला तर तो त्यात बसत नाही.

कलेक्टर कचेरीत एखादा कारकून ‘असलं प्रमाणपत्र आम्ही देत नाही’ म्हणेल. भांडू नका. जाहिरातीतला छापील नमुना पुढे ठेवा, अर्जावर आवक क्रमांक घ्या, आणि उत्तर लेखी मागा. बऱ्याचदा आवक क्रमांक पडला की काम हलतं.

पायरी ४: मेडिकलला बाद केलं तर

पहिलं काम: बाद केल्याचं कारण लिहिलेला कागद हातात घ्या. त्यावर ‘टॅटू’ एवढंच आहे की जागा, हात, आकार लिहिलाय, ते वाचा. दुसरं काम: फेरतपासणी मागा. केंद्रीय दलांत तिला रिव्ह्यू मेडिकल म्हणतात, सैन्यात अपील मेडिकल बोर्ड. यांची मुदत फार थोडी असते, कधी लगोलग सांगावं लागतं. म्हणून ‘घरी विचारून सांगतो’ हे उत्तर आधीच घरी विचारून ठेवा.

पुढे कोर्टाचा रस्ता आहे आणि तो दोन्ही बाजूंना जातो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तरुणाला सीआयएसएफने हातावरच्या धार्मिक टॅटूमुळे अपात्र ठरवलं होतं. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उजव्या हातावर टॅटू असलेल्या एका उमेदवाराला तो काढून टाकून नव्या मेडिकल बोर्डापुढे जाण्याची संधी दिली. पण त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये हवाई दलाच्या बाजूने निकाल दिला होता, कारण तिथे टॅटू मान्य जागेच्या बाहेर होता. हे निकाल शेजारी ठेवून वाचले की एवढं दिसतं: टॅटू काढून टाकण्याजोगा आहे, किंवा दलाच्याच नियमातलं काही तुमच्या बाजूचं आहे, तर आशा असते. नियम स्पष्ट होता, तुम्हाला माहीत होता, आणि टॅटू त्याच्या बाहेर आहे, तर वकिलाच्या फीपेक्षा पुढच्या वर्षीच्या तयारीवर पैसे घाला.

पायरी ५: टॅटू पुसून काढायचा ठरवला तर

इथे मी सगळ्यात कळकळीने सांगते. ॲसिड, चुना, गरम सळई, मीठ घासणे, यूट्यूबवरची ‘टॅटू रिमूव्हल क्रीम’, यातलं काहीही करू नका. माझ्याकडे एक मुलगा आला होता, त्याने मनगटावरचं नाव बाथरूम साफ करायच्या ॲसिडने जाळलं होतं. नाव गेलं, पण जागी जाड, ओढलेला, गुलाबी व्रण राहिला. मनगट पुरतं मागे वळेना. टॅटू निदान काढता तरी आला असता.

रस्ता एकच: त्वचारोगतज्ज्ञ आणि लेझर. लेझरने शाईचे कण फुटतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं, त्यामुळे एका बैठकीत काम होत नाही. बहुतेकांना अनेक बैठका लागतात आणि दोन बैठकींत दीड-दोन महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणजे वर्षभराचा हिशेब धरा. काळी शाई सगळ्यात सहज जाते. हिरवी, पिवळी चिवट असते. आपल्या सावळ्या कातडीवर तिथे पांढरा किंवा काळपट डाग राहण्याची शक्यता जास्त, आणि ज्यांना जखमेवर गाठीसारखा व्रण चढतो त्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. पार्लरमध्ये स्वस्तात मशीन मारून देतात, तिथे जाऊ नका.

प्रत्येक बैठकीची पावती आणि तारीख टाकलेला फोटो जपून ठेवा. मेडिकलपुढे ‘मी काढतोय’ हे तोंडाने सांगण्यापेक्षा चार पावत्या पुढे ठेवणं कामाला येतं.

पायरी ६: खासगी नोकरीत आधी विचारा, लेखी घ्या

क्षेत्रागणिक वारं वेगळं आहे. आयटी, डिझाइन, जाहिरात, जिम, सलून इथे टॅटूकडे कुणी बघत नाही. बँकेच्या काउंटरवर, शाळेत, हॉस्पिटलच्या रिसेप्शनला अजून भुवया उंचावतात; पूर्ण बाहीचा सदरा घातला की प्रश्न बहुधा मिटतो. विमानाच्या केबिन क्रूच्या जाहिरातीत मात्र ‘गणवेशात दिसेल असा टॅटू नको’ हे स्पष्ट असतं, आणि साडी-स्कर्ट-अर्ध्या बाहीचा गणवेश असतो तेव्हा मनगट, मान, घोटा सगळंच दिसतं. दुबईच्या एमिरेट्ससारख्या कंपनीत मेकअपने किंवा पट्टी लावून झाकलेलाही चालत नाही. उलट एअर न्यूझीलंडने २०१९ मध्ये आणि व्हर्जिन अटलांटिकने २०२२ मध्ये दिसणाऱ्या टॅटूवरची बंदी उठवली. म्हणजे विमान उडवायला आणि प्रवाशाला चहा द्यायला कोरी कातडी लागते, हे काही निसर्गाचं सत्य नाही. तो कंपनीचा निर्णय असतो आणि तो बदलू शकतो.

हॉटेलच्या किचनची गोष्ट निराळी. तिथे जुन्या टॅटूने काही बिघडत नाही, पण अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे उघडी जखम असलेल्या माणसाने अन्न हाताळायचं नसतं. ताजा टॅटू म्हणजे जखमच. दोन-तीन आठवडे खपली धरते. किचनमध्ये कामाला लागायच्या आदल्या आठवड्यात नवा टॅटू गोंदवून आलेल्या पोराला मी स्वतः परत पाठवलं आहे. मला वाईट वाटलं, पण तो नियम बरोबर होता. कामाशी थेट नातं असलेला नियम मी मानते. ‘गिऱ्हाइकाला आवडत नाही’ या नियमाबद्दल माझ्या मनात कायम प्रश्न राहिला आहे, आणि एचआरमध्ये असताना तो मी मुकाट्याने राबवलाही आहे, याची खंत आहे.

मुलाखतीत काय करायचं? टॅटू लपवून जायचं की दाखवून? माझं मत: मुलाखतीला साधे, झाकणारे कपडे घाला, पण ऑफर येताच स्वतःहून विचारा. ईमेलवर, दोन ओळींत: ‘माझ्या उजव्या मनगटावर पाच सेंटिमीटरचा टॅटू आहे. आपल्या ग्रूमिंग धोरणात त्याला हरकत आहे का, कृपया कळवावे.’ (ग्रूमिंग धोरण म्हणजे कंपनीचे दिसण्या-पेहरावाचे नियम.) ‘चालेल’ असं उत्तर आलं तर तो ईमेल सोन्यासारखा जपा. जुनी नोकरी सोडण्याआधी हे करा. एका मुलीने आधीच्या ठिकाणी राजीनामा दिला, नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी गणवेश चढवला, आणि मॅनेजरने मानेकडे बोट दाखवलं. फोनवर ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणणारी व्यक्ती तोपर्यंत कंपनी सोडून गेली होती. हातात कागद नव्हता.

नेमणूकपत्र घेतल्याशिवाय कामाला लागू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. त्यात ‘कंपनीची धोरणं वेळोवेळी लागू राहतील’ असं वाक्य असतंच. ते वाचलं की शांतपणे म्हणा, ‘धोरणांची प्रत द्या.’

पायरी ७: कामाला लागल्यावर नियम बदलला तर

चार वर्षं नोकरी झाली, टॅटू पहिल्या दिवसापासून आहे, आणि नवा मॅनेजर येऊन म्हणतो, उद्यापासून टॅटू नको. इथे कामगार कायदा तुमच्या मदतीला येतो आणि हे फार थोड्यांना माहीत असतं.

कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारांसाठी शिस्तीचा नवा नियम आणायचा किंवा जुना बदलायचा असेल, आणि तो स्थायी आदेशांत, म्हणजे आस्थापनेच्या कामगारांसाठीच्या लेखी नियमांत, आधीपासून नसेल, तर मालकाने एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नोटीसबोर्डवर रात्रीतून चिकटवलेलं पत्रक पुरत नाही. मॅनेजर दर्जाच्या माणसांना मात्र हे संरक्षण नाही.

मोठ्या आस्थापनांत, नव्या संहितेप्रमाणे तीनशे किंवा जास्त कामगार असतील तिथे, स्थायी आदेश असतात. गैरवर्तन कशाला म्हणायचं याची यादी त्यात असते. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या १९८३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की स्थायी आदेशांत जे गैरवर्तन म्हणून लिहिलेलंच नाही, त्यासाठी मागाहून शिक्षा करता येत नाही. तुमच्या मेमोत, म्हणजे कंपनीने जाब विचारणाऱ्या पत्रात, ‘टॅटू’ लिहिलं असेल तर पहिला प्रश्न विचारा: हे कोणत्या कलमाखाली?

मेमो आला तर फाडू नका, नाकारू नका, सही करताना ‘मिळाला, मजकूर मान्य नाही’ असं लिहा आणि तारीख टाका. मुदतीत लेखी उत्तर द्या. टॅटू कधीपासून आहे, नेमणुकीच्या वेळी कुणी पाहिला, कोणता ईमेल आहे, तेवढंच. रागाची वाक्यं नकोत. युनियन असेल तर युनियनला सांगा, नसेल तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार देता येते. कामावरून काढलं असेल तर घरी बसून वाट पाहू नका, अशा दाव्यांना मुदत असते.

मधला रस्ताही असतो आणि तो मी आधी सुचवते. बाही, मनगटपट्टी, झाकायचा मेकअप, काउंटरवरून आतल्या कामावर बदली. चांगला मॅनेजर यावर तयार होतो. मी स्वतः दोन पोरांना रिसेप्शनवरून रिझर्व्हेशनला हलवलं होतं. फोनवर बोलणाऱ्याचा हात कुणाला दिसतो?

चित्र पाहून माणूस ओळखणाऱ्यांबद्दल

हे पायऱ्यांत बसत नाही, तरी लिहिते. एका ठिकाणी गणपती आणि ॐ चाललेला मी पाहिला आहे, आणि त्याच मजल्यावर ‘जय भीम’ लिहिलेल्या मुलाला ‘जरा झाकून घे’ सांगितलेलं ऐकलं आहे. हा ग्रूमिंगचा नियम नव्हे, हा भेदभाव आहे. असं तुमच्या बाबतीत झालं तर कुणाला काय चालतं, कधी, कोण म्हणालं, साक्षीला कोण होतं, त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा. नियम असेल तर सगळ्यांना सारखा लावा, एवढं लेखी मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सरकारी आस्थापनेत तर हा थेट घटनेचा प्रश्न होतो.

मुलींसाठी वेगळं

‘कुठे कुठे टॅटू आहे, दाखव’ असं एचआर किंवा मॅनेजरने म्हणणं, कपडा सरकवायला सांगणं, बोट लावून बघणं, यातलं काहीही चालवून घ्यायचं नाही. गणवेशात दिसतो तेवढ्याशीच मालकाचा संबंध. झाकलेल्या अंगाची तपासणी फक्त मेडिकलमध्ये, आणि तीही महिला डॉक्टरकडूनच मागून घ्या. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती असायलाच हवी, हे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. टॅटूवरून केलेली घाणेरडी शेरेबाजीही यात येते. ‘टॅटू काढलास म्हणजे तू तसलीच’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या मुलींकडून ऐकलं आहे. तिघींनीही नोकरी सोडली, तक्रार एकीनेही केली नाही. पुढची तरी करेल म्हणून हे इथे लिहिलं.

अजून टॅटू गोंदवलेला नसेल तर

सतरा-अठराव्या वर्षी जत्रेत मशीन घेऊन बसलेल्या माणसापुढे हात पुढे करायच्या आधी दोन गोष्टी करा. नवी सुई तुमच्यासमोर पाकीट फोडून काढायला सांगा. एकाची सुई दुसऱ्याला लागली तर कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. आणि पुढच्या पाच वर्षांत वर्दीचा अर्ज भरण्याची एक टक्का जरी शक्यता असेल, तर डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, बोटभर लांबीचा, काळ्या शाईत काढा. तिन्ही सेनादलं आणि केंद्रीय दलं, सगळ्यांच्या सध्याच्या नियमांत बसेल अशी ही जागा आहे. काढून झाला की मोजपट्टी शेजारी ठेवून एक फोटो घ्या आणि दहावीच्या मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवून द्या. परवाच एका मुलीने असा फोटो पाठवला, डाव्या मनगटापाशी साडेतीन सेंटिमीटर, तिच्या आजीच्या हातावर होतं तेच तुळशीचं पान. खाली लिहिलं होतं, ‘ताई, डावा आहे.’